तार

संध्याकाळी बा कटोंगो विचारतो,
"किडे ओरडतायत का रे?"
मी कान देतो. कधी हो म्हणतो, कधी नाही.
नाही म्हटलं की मान हलवतो :
"म्हणजे माझाच कान."

बा म्हणजे आदराने, त्याच्या उत्तरेकडच्या बोलीत.
आमच्या खोऱ्यात तो परका, लॉरीतून आलेला,
मक्याच्या पिठाची शंभर पोती
आणि एक तुटका ॲक्सल घेऊन.

त्याआधी किट्वे. तांब्याची खाण.
त्र्याहत्तर साल, बँडचं नाव स्मेल्टर बॉईज,
पडद्याच्या कापडाच्या बेलबॉटम,
आणि कार्यक्रम भर दुपारी दोनला,
कारण सीमेपलीकडे लढाई, रात्री बाहेर पडायची बंदी.
"उन्हातलं रॉक," तो म्हणतो,
"पोरी बेभान नाचायच्या, आणि सहाला सगळे घरी,
शहाण्या कोंबड्यांसारखे."
त्याची बास गिटार. जाड चार तारा.
एक तुटली की नवी मिळायची नाही,
मग खाणीतला वायरमन जेवणाच्या डब्यातून
केबल सोलून आणायचा. ती पिळून चढवायची.
आवाज?
"रानरेड्याच्या घशातला."

एकच रेकॉर्ड निघाली.
बहिणीने ती बारा वर्षं पाण्याच्या माठावर झाकली.
नीट बसायची, म्हणतो. तक्रार नाही.

मग तांब्याचा भाव पडला.
मग माणसं पडायला लागली.
आधी गायक, मग वायरमन,
मग दोघे भाऊ, गिटार आणि ऑर्गन.
त्या आजाराचं नाव तेव्हा कुणी घेत नसे,
खोकला म्हणायचे.
शेवटी ड्रमर. खाटेच्या कडेवर त्याची दोन बोटं
शेवटपर्यंत ताल धरत होती,
आणि ताल चुकत होता.
हे बाने मला एकदाच सांगितलं,
नदी ओलांडताना, पाठमोरा.

ॲक्सल दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले.
सातव्या दिवशी रस्त्यात हत्तीण,
सोंडेत फास रुतलेला, खालची सोंड लोंबती.
ओरडली नाही ती. पण याच्या बरगड्यांत
काहीतरी घुमलं, कानाला न कळणारं,
दुपारी दोनचा ॲम्प्लिफायर पाठीशी असल्यासारखं.
लॉरी दुसऱ्याने नेली.

त्याला एकवीस वर्षं झाली.
पहाटे काठी घेऊन निघायचं,
हरणाच्या गळ्याइतक्या उंचीवर नजर ठेवून.
फास सापडला की तो बघत नाही, बोटांत धरतो.
"ही सायकलच्या ब्रेकची. ही टेलिफोनची.
ही..."
आणि गप्प होतो. ती खाणीची असते.

न्जोवूला पकडलं तेव्हा बाने त्याला मारलं.
लपवण्यात अर्थ नाही, पाय मीच धरले होते.
(न्जोवू म्हणजे आमच्याकडे हत्ती. आडनाव आहे, करता काय.)
दुसऱ्या दिवशी पिठाचं पोतं खांद्यावर टाकून
बा त्याच्या दारात उभा.
बायकोने दार लावून घेतलं. पोतं तिथेच राहिलं,
कोंबड्यांनी फोडलं.
अजून वर्षातून एखादी न्जोवूची गाठ सापडते,
तीन वेढे आणि शेपूट आत.
"हात सुंदर आहे रे हरामखोराचा," बा म्हणतो.

कोठीत तारांचा ढीग छताला लागलाय.
गेल्या ऑक्टोबरात, उकाड्यात,
त्याने त्यातली एक दोन झाडांमध्ये ताणली
आणि अंगठ्याने छेडली.
मला वाटलं, आता हत्ती येतील. गोष्टींत येतात.
एक माकड आलं. बघून गेलं.
त्याने तार सोडवली, वेटोळं केलं,
ढिगावर परत टाकली.
वहीत ती आधीच मांडलेली होती.

त्या संध्याकाळी किडे खरंच ओरडत होते,
रान फाटेल इतके.
त्याने विचारलं नाही.